मागापासून चंद्रापर्यंत

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी ही नावे ऐकली की यंत्रमागांची खटखट आठवते. तुमच्यापैकी काहींच्या घरी माग असतील. काहींचे वडील किंवा भाऊ मागावर काम करत असतील. या मागाचे आणि संगणकाचे जवळचे नाते आहे, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल का? आणि हे नाते पुढे चंद्रापर्यंत पोहोचले, असे म्हटले तर? चला, हा धागा धरून आपण पुढे जाऊ या.

प्रथम कापड कसे विणतात ते पाहू. कापडात उभे आणि आडवे असे दोन प्रकारचे धागे असतात. उभ्या धाग्यांना ताणा आणि आडव्या धाग्यांना बाणा म्हणतात. उर्दूत आपण ताना-बाना म्हणतो, तेच हे शब्द. ताण्यातले काही धागे वर उचलले जातात, काही खालीच राहतात. मधल्या फटीतून धोटा बाण्याचा धागा घेऊन पलीकडे जातो. साध्या कापडाला हे काम सोपे असते. पण फुले, पाने, वेलबुट्टी काढायची असेल, तर प्रत्येक ओळीला वेगवेगळे धागे उचलावे लागतात.

फ्रान्समधील लिऑन हे शहर रेशमी कापडासाठी प्रसिद्ध होते. तेथे नक्षीचे कापड विणताना धागे ओढण्यासाठी एक मदतनीस लागत असे. पुष्कळदा हे काम लहान मुलांकडे असे. दिवसभर दोऱ्या ओढून त्यांचे अंग मोडून जाई. 1804 साली जोसेफ जाकार या कारागिराने यावर एक उपाय काढला. त्याने जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या घेतल्या, त्यांना ठराविक ठिकाणी भोके पाडली आणि त्या एकमेकींना जोडून मागावर बसवल्या. जेथे भोक असेल तेथे सुई आत जाई आणि तो धागा उचलला जाई. जेथे भोक नसेल तेथे सुई अडे आणि धागा खालीच राही. एका ओळीला एक पट्टी! पट्ट्या बदलल्या की नक्षी बदले. आपल्याकडे काठाची नक्षी विणणाऱ्या मागांवर जे 'जेकार्ड' बसवतात, ते नाव याच जाकारवरून आले आहे.

या शोधाचे सर्वांनी स्वागत केले का? नाही. लिऑनच्या विणकरांनी त्याला कडाडून विरोध केला. आपली रोजी जाईल, अशी त्यांना भीती वाटत होती. ही भीती खोटी नव्हती. धागे ओढणाऱ्या मदतनिसाचे काम खरोखरच गेले. यंत्रामुळे लहान मुलांचे कष्ट वाचले हे जितके खरे, तितकेच काही घरांची मिळकत बुडाली हेही खरे. यंत्राची गोष्ट सांगताना या दोन्ही बाजू सांगितल्या पाहिजेत.

आता पुढचा धागा पाहा. इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचा गणिती होता. भोकांच्या पट्ट्या धाग्यांना हुकूम देऊ शकतात, तर आकड्यांना का नाही, असा विचार त्याने केला. त्याने गणिते करणाऱ्या एका मोठ्या यंत्राचा आराखडा तयार केला. त्या यंत्राला सूचना देण्यासाठी तो जाकारसारख्याच पट्ट्या वापरणार होता. ते यंत्र त्याच्या हयातीत पूर्ण झाले नाही. पण एडा लव्हलेस या विदुषीने 1843 साली त्या यंत्राविषयी सविस्तर लिहिले. यंत्र स्वतःहून नवीन काही निर्माण करत नाही, आपण जे सांगू शकतो तेवढेच ते करते, असे तिचे म्हणणे होते.

पुढे अमेरिकेत 1890 सालच्या जनगणनेसाठी हर्मन हॉलेरिथ याने भोके पाडलेली कार्डे वापरली. माणसांची माहिती भोकांच्या रूपाने नोंदली गेली आणि यंत्राने ती मोजली. त्यानंतर कित्येक वर्षे संगणकांना सूचना देण्यासाठी अशीच कार्डे वापरली जात होती. भोक आहे किंवा नाही, म्हणजेच एक किंवा शून्य. संगणकाची सारी भाषा या दोन अक्षरांची आहे.

पायरीपायरीने दिलेल्या अशा सूचनांना 'अल्गोरिदम' म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिझ्मी हे थोर गणिती होऊन गेले. त्यांच्या नावावरूनच हा शब्द तयार झाला.

आता चंद्राकडे वळू. 20 जुलै 1969 रोजी नील आर्मस्ट्राँग आणि बझ ऑल्ड्रिन चंद्रावर उतरले. त्यांच्या यानात एक छोटा संगणक होता. त्याला दिलेल्या कायमच्या सूचना चक्क विणलेल्या होत्या! अमेरिकेतील वॉल्थॅम येथील कारखान्यात कामगार स्त्रिया बारीक तार सुईने ओवत असत. तार छोट्या चुंबकीय कडीतून गेली तर एक, बाहेरून गेली तर शून्य. तार कोठून ओवायची ते यंत्र दाखवत असे, आणि त्या यंत्राला भोके पाडलेल्या पट्टीवरून सूचना मिळत. एकदा विणलेली चूक सुधारणे फार अवघड होते. म्हणून या स्त्रिया अतिशय काळजीपूर्वक काम करत. चंद्रावरच्या पहिल्या पावलामागे त्यांच्या बोटांचे कसबही होते.

यान उतरत असताना संगणकावर कामाचा भार वाढला आणि त्याने धोक्याचा इशारा दिला. परंतु त्याच्या सूचना मोठ्या दूरदृष्टीने लिहिलेल्या होत्या. कमी महत्त्वाची कामे बाजूला सारून त्याने यान उतरवण्याचे मुख्य काम चालू ठेवले. पृथ्वीवरील तज्ज्ञांनीही 'पुढे चला' असाच निर्णय दिला. मात्र संगणक यानाला जेथे नेत होता, तेथे मोठमोठे दगड पसरलेले होते. आर्मस्ट्राँग यांनी ते पाहिले. त्यांनी यानाचे नियंत्रण आपल्या हाती घेतले आणि पुढे सपाट जागी यान उतरवले. संगणकाशिवाय ते तेथपर्यंत पोहोचलेच नसते. आणि माणूस खिडकीतून पाहत नसता, तर यान दगडांवर उतरले असते.

मित्रांनो, या प्रसंगातून आपल्याला काय समजते? यंत्र हुकूम पाळते, पण तो हुकूम त्या वेळी योग्य आहे की नाही, हे माणसाला पाहावे लागते. आजची काही यंत्रे असंख्य उदाहरणांवरून स्वतः नियम शोधतात, चित्रे काढतात, निबंधही लिहितात. पण त्यांतली बरीच उदाहरणे माणसांनीच निर्माण केलेली असतात. उदाहरणे चुकीची असली की यंत्रही चुकते. तुमच्या हातातल्या मोबाइलचेही तसेच आहे. तुम्ही जे पुन्हा पुन्हा पाहता, तशाच गोष्टी तो आणखी पुढे करतो. इंटरनेटवर खरी बातमी पोहोचते, तशी अफवाही पोहोचते. ती पुढे पाठवायची की नाही, हे मात्र तुमचे बोट ठरवते. त्या बोटाने थोडे थांबायला शिकले पाहिजे.

आपल्या गावांतही हातमाग गेले आणि यंत्रमाग आले. आता धोट्याशिवाय चालणारे वेगवान मागही आले आहेत. त्यांना कमी माणसे लागतात. म्हणून ज्यांचे काम जाते त्यांना नवे काम शिकवणे, ही साऱ्या समाजाची जबाबदारी आहे. तुमची जबाबदारीही लहान नाही. गणित शिका, भाषा शिका, यंत्र उघडून ते कसे चालते ते समजून घ्या. नुसते बटण दाबणाऱ्याची जागा दुसरे यंत्र घेऊ शकते. पण यंत्राला काय सांगायचे, आणि त्याला केव्हा थांबवायचे, हे जाणणाऱ्या माणसाची गरज नेहमीच राहील.

आज घरी गेल्यावर एखाद्या साडीचा काठ हातात घेऊन नीट पाहा. कोणता धागा वर आला आणि कोणता खाली गेला, ते मोजून वहीत एक आणि शून्य असे लिहा. संगणकाच्या भाषेतील तुमचा तो पहिला धडा असेल.