काचेच्या टाकीतले मिशीवाले मासे

नदीतला मागूर तुम्ही पाहिला असेल. शिंगाळाही पाहिला असेल. यांच्या अंगावर खवले नसतात. तोंडाशी मात्र लांब मिशा असतात. मिशा कशाला? हे मासे तळाशी राहतात. तिथे पाणी गढूळ. डोळ्यांना नीट दिसत नाही. म्हणून मिशांनी चाचपडून ते अन्न शोधतात.

या जातीचे मासे जगभर आहेत. काही माणसाएवढे मोठे होतात. काही बोटाच्या पेराएवढेच राहतात. असे लहान मासे लोक हौसेने काचेच्या टाकीत पाळतात. मुंबईला 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले. तिथे काचेमागे पोहणारे मासे कितीतरी लोकांनी पहिल्यांदा पाहिले. आता तालुक्याच्या गावी दुकानातही अशी टाकी दिसते. मुले हट्ट धरतात. मग आपणही मासे आणतो. पण आणण्याआधी थोडी माहिती हवी.

समजा, टाकी 2 फूट लांब, 1 फूट रुंद आणि 1 फूट उंच आहे. काठोकाठ भरली तर तिच्यात 56 लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा सोडली, तर 45 लिटरच्या आसपास पाणी राहते. वाळूत पाणवनस्पती लावल्या आहेत. या टाकीत कोणता मिशीवाला मासा आणावा?

मासा किती वाढेल?

दुकानात बोटाएवढा, काळसर, ठिपक्यांचा मासा मिळतो. तो काचेला तोंड लावून चिकटतो. त्याला ‘सकर’ म्हणतात. दुकानदार सांगतो, “हा न्या. टाकी साफ ठेवतो.” मासा स्वस्तही असतो. पण हाच मासा वाढून दीड फूट होतो! दोन फुटांच्या टाकीत दीड फुटाचा मासा म्हणजे खुराड्यात म्हैस बांधण्यासारखेच झाले. तो वनस्पती उपटतो, पाने खरवडतो आणि पाणी फार घाण करतो.

आपला मागूरही या टाकीत नको. तो फूटभर वाढतो. रात्री लहान मासे गिळतो.

तेव्हा मासा आज केवढा आहे ते पाहू नका. पुरा वाढल्यावर केवढा होईल, ते विचारा.

बरे मासे कोणते?

पहिला कोरिडोरास. दुकानात त्याला ‘कोरी’ म्हणतात. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. त्याच्या अंगावर हाडांच्या कवचाच्या दोन ओळी असतात. तांबूस कोरी अडीच इंचांपर्यंत वाढतो. सर्वांत लहान जातीचा कोरी एक इंचाचाच राहतो. हा गरीब मासा आहे. कुणाशी भांडत नाही. वनस्पतींची पाने खात नाही. दिवसभर वाळूत तोंड खुपसून अन्न शोधतो. म्हणून त्याच्या टाकीत बारीक, गुळगुळीत वाळू घाला. टोकदार खडीने त्याच्या मिशा झिजतात. नव्या रोपांच्या मुळांशी मात्र छोटे दगड ठेवा, नाहीतर रोपे सैल होतात.

कोरीला एकटे राहणे मानवत नाही. एकटा असला तर तो भिऊन कोपऱ्यात बसतो. निदान सहा तरी एकत्र ठेवा.

कोरी मधूनच सर्रकन वर येतो, हवा गिळतो आणि पुन्हा खाली जातो. घाबरू नका. ती हवा त्याच्या आतड्यात जाते आणि श्वासाला उपयोगी पडते. पण सगळे मासे सारखे वर येऊ लागले, तर पाणी बिघडले असे समजा.

दुसरा मासा ओटोसिंक्लस, म्हणजे ‘ओटो’. हा दीड-दोन इंचांचा. पानांवरचे आणि काचेवरचे शेवाळ खरवडून खातो. पान फाडत नाही. पण नव्या टाकीत शेवाळ नसते. तिथे तो उपाशी मरतो. म्हणून टाकी काही महिने जुनी झाल्यावरच तो आणा. घेताना पोट पाहा. पोट भरलेले असेल तर घ्या. खपाटीला गेले असेल तर घेऊ नका.

मासा म्हणजे सफाईचा गडी नव्हे

पुष्कळांना वाटते, तळाचा मासा घाण खाऊन जगतो. हे खरे नाही. तो विष्ठा खात नाही. त्यालाही वेगळे अन्न लागते. तळाशी बुडणाऱ्या गोळ्या मिळतात. त्या संध्याकाळी थोड्या टाका. सफाई आपणच करायची. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. पाण्यात टी.सी.एल. पावडर असेल, तर ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवून मग घाला. काढलेले पाणी झाडाला घाला. ते खतासारखे उपयोगी पडते.

टाकी भरली की लगेच मासे सोडू नका. दुधाला विरजण लागते, तसे पाण्यालाही लागते. घाण पचवणारे सूक्ष्म जंतू वाळूत वाढावे लागतात. त्याला महिनाभर तरी लागतो. टाकी उन्हात ठेवू नका. पाणी फार तापले तर हे मासे जगत नाहीत.

नको झालेला मासा नदीत सोडू नका

सकर मासा मोठा झाला की माणसे कंटाळतात. मारवत नाही, म्हणून नदीत सोडतात. वाटते, पुण्य केले. पण त्याने दुसऱ्याच्या पोटावर पाय येतो. हा मासा नदीत झपाट्याने वाढतो. काठाला बिळे करतो, मग काठ ढासळतो. शेवाळ फस्त करतो, तेव्हा आपल्या माशांना अन्न कमी पडते. त्याचे काटे आणि कवच जाळी फाडतात. बाजारात त्याला कोणी विचारत नाही. जाळे भरते, पण हाती पैसा येत नाही. 2020 साली वाराणसीजवळ गंगेत असा मासा सापडला. आपल्या भीमा नदीवरच्या उजनी जलाशयातही हे मासे कोळ्यांच्या जाळ्यात आले आहेत.

मासा नको झाला तर दुकानात परत द्या. नाहीतर मोठी टाकी असलेल्याला द्या. नदी, तळे, विहीर, कशातही सोडू नका. आणि आणतानाच विचारून आणा: हा किती वाढेल? काय खाईल? एकटा राहील का? दुकानदाराला नीट सांगता आले नाही, तर त्या दिवशी मासा न घेता घरी या.