किल्ली कुणाच्या हाती?

मार्च २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली उपविभागात सुमारे ६५ हजार जात प्रमाणपत्रे ब्लॉकचेनवर, म्हणजे मागाहून बदलता न येणाऱ्या नोंदींच्या साखळीवर, नोंदवण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला. तिथले तेव्हाचे सनदी अधिकारी शुभम गुप्ता यांच्या पुढाकाराने ‘लेजिटडॉक’ ही प्रणाली आणि ‘पॉलिगॉन’ ही साखळी त्यासाठी निवडली गेली. प्रमाणपत्राचा मजकूर एका गणिती सूत्रातून गेला की त्याचा ठरावीक लांबीचा अंकी ठसा मिळतो. त्याला ‘हॅश’ म्हणतात. साखळीवर हा ठसा नोंदवलेला असतो. दाखल्यातले एक अक्षर बदलले तरी ठसा जुळत नाही, त्यामुळे बनावट दाखला तपासणीत लगेच उघडा पडतो.

बिटकॉइन आणि इथेरियम ही क्रिप्टो चलनेही ब्लॉकचेनच्याच घराण्यातली. पण दाखला घेणाऱ्याला काहीच सांभाळावे लागत नाही, साखळीवर नोंद करण्याची किल्ली यंत्रणेकडे असते. तेच तंत्रज्ञान क्रिप्टो चलन होऊन चंद्रपूर-गडचिरोलीतल्या तरुणांच्या मोबाइलवर येते, तेव्हा किल्ली सांभाळायची कुणी, हा प्रश्न ज्याचा त्याला सोडवावा लागतो. म्हणूनच ‘कोणते ऑनलाइन वॉलेट सुरक्षित?’ या प्रश्नाचे उत्तर एखाद्या ॲपच्या नावात शोधू नये. तीन गोष्टी विचाराव्यात: किल्ली कुणाकडे आहे, ती तयार कशी झाली आणि ती ठेवली कुठे आहे.

वॉलेटमध्ये पैसे नसतात

नाणी साखळीवरच्या नोंदींत असतात, आणि त्या नोंदी जगभरच्या हजारो संगणकांवर आहेत. वॉलेट सांभाळते ती फक्त खाजगी किल्ली, म्हणजे २५६ बिटांची एक प्रचंड मोठी संख्या. या संख्येपासून सार्वजनिक किल्ली आणि तिच्यापासून पैसे स्वीकारण्याचा पत्ता तयार होतो. हा प्रवास एकाच दिशेने होतो. पत्ता जगजाहीर असला तरी त्यावरून खाजगी किल्ली काढणे आजच्या कोणत्याही संगणकाला शक्य नाही. मात्र खाजगी किल्ली ज्याच्या हाती पडली, तो त्या नोंदीचा धनी. साखळी त्याला नाव विचारत नाही आणि ओळखपत्रही मागत नाही.

पहिला प्रश्न: किल्ली कुणाकडे?

हक्क आपला आणि किल्ली दुसऱ्याकडे असली की काय होते, हे गडचिरोलीला नव्याने सांगायला नको. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू गावाचा झाला, पण तो विकून बाहेर न्यायला लागणारे वाहतूक परवान्याचे पुस्तक वनविभागाकडेच राहिले. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे बांबू विकता येऊ लागला.

एक्स्चेंजवरच्या, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपनीकडच्या, खात्यात ठेवलेले क्रिप्टो अगदी याच स्थितीत असते. पडद्यावर शिल्लक तुमच्या नावाने दिसते, किल्ली कंपनीकडे असते. मुंबईतून सुरू झालेल्या वझीरएक्स या एक्स्चेंजच्या एका वॉलेटमधून १८ जुलै २०२४ रोजी २३ कोटी डॉलरहून अधिक, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांचे चलन चोरीला गेले. त्या वॉलेटमधल्या व्यवहाराला एकाहून अधिक सह्या, म्हणजे वेगवेगळ्या किल्ल्यांची संमती, लागत होती. पडद्यावर दिसणारा व्यवहार आणि प्रत्यक्ष सही झालेला मजकूर यांत तफावत होती, असे कंपनीने सांगितले. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया या देशांनी संयुक्त निवेदनात या चोरीमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचे म्हटले. ज्यांनी काहीच चूक केली नव्हती, अशा सामान्य ग्राहकांचे पैसे त्यानंतर दीर्घकाळ अडकून पडले.

एक्स्चेंज वापरायचेच असेल, तर ते केंद्राच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे नोंदणीकृत आहे का, हे आधी पाहावे. मार्च २०२३ पासून अशा कंपन्यांना मनी लाँडरिंगविरोधी कायदा लागू आहे. पण ही नोंदणी म्हणजे ठेवींची हमी नव्हे.

दुसरा प्रश्न: किल्ली तयार कशी झाली?

स्वतःकडे किल्ली ठेवणारी वॉलेट बहुधा बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द देतात. त्यांना ‘सीड फ्रेज’ म्हणतात. हे शब्द २०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतून येतात. बारा शब्दांत १२८ बिटांची यादृच्छिकता असते, शिवाय चूक ओळखण्यासाठी ४ बिट असतात. शक्यता किती? ३४ या आकड्यापुढे ३७ शून्ये. अंदाजाने हे शब्द ओळखायला विश्वाचे वयही पुरणार नाही.

मात्र शब्द खरोखरच यादृच्छिक निघाले, तरच. २०२३ मध्ये ‘लिबबिटकॉइन’ या जुन्या आणि नावाजलेल्या प्रणालीतली एक त्रुटी उघड झाली. ती वेळेवर आधारलेल्या फक्त ३२ बिटांपासून शब्द तयार करत होती. शब्द नेहमीसारखेच लांबलचक दिसत, पण प्रत्यक्ष शक्यता उरल्या होत्या सुमारे ४३० कोटी. एवढ्या शक्यता चाळून पाहायला साध्या गेमिंग संगणकाला काही दिवस पुरतात. चोरांनी तेच केले. संशोधकांनी या त्रुटीला ‘मिल्क सॅड’ असे नाव दिले, कारण तिच्यातून निघणाऱ्या एका सीड फ्रेजचे पहिले दोन शब्द तेच होते.

म्हणून ज्याचा कोड सर्वांना तपासायला खुला आहे, ज्याची स्वतंत्र सुरक्षा तपासणी झाली आहे आणि जे अनेक वर्षे वापरात आहे, असेच वॉलेट निवडावे. ते अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरून उतरवावे. टेलिग्राम गटात आलेली फाइल किंवा शोधयंत्रात सर्वांत वर दिसणारी जाहिरात, या दोन्ही वाटा टाळाव्यात. सीड फ्रेज स्वतःच्या मनाने रचू नये, आणि दुसऱ्याने ‘तयार करून दिलेली’ तर मुळीच घेऊ नये.

तिसरा प्रश्न: किल्ली ठेवली कुठे?

इंटरनेटला जोडलेले वॉलेट म्हणजे ‘हॉट’ वॉलेट. त्यात रोजच्या वापरापुरतीच रक्कम ठेवावी. मोठी रक्कम हार्डवेअर वॉलेटमध्ये ठेवणे अधिक सुरक्षित, कारण या छोट्या उपकरणातून किल्ली कधी बाहेर पडत नाही. व्यवहार आत जातो आणि सही होऊन परत येतो. सही करण्यापूर्वी रक्कम आणि पत्ता उपकरणाच्या स्वतःच्या पडद्यावर वाचावा. वझीरएक्सच्या घटनेतून घ्यायचा धडा हाच आहे.

सीड फ्रेजचा फोटो काढू नये आणि ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाही पाठवू नये. फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅस्परस्कीच्या संशोधकांनी ‘स्पार्ककॅट’ हे घातक सॉफ्टवेअर उजेडात आणले. ते फोनच्या गॅलरीतल्या छायाचित्रांतली अक्षरे वाचून सीड फ्रेज शोधत असे. गुगल आणि ॲपलच्या अधिकृत दुकानांतल्या काही ॲपमध्येही ते सापडले.

मग कागद? आपल्याकडे त्यालाही शत्रू आहेत. वाळवी आहे, पावसाळ्यातली ओल आहे, भामरागडला वेढा घालणारा पर्लकोटेचा पूर आहे. शब्द धातूच्या पट्टीवर कोरून दोन वेगवेगळ्या जागी ठेवावेत आणि आपल्या पश्चात ते कुठे सापडतील, हे घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावे. रक्कम भरण्यापूर्वी त्या शब्दांवरून वॉलेट पुन्हा उघडता येते का, हे एकदा करून पाहावे. एक्स्चेंजच्या खात्यासाठी एसएमएसवरच्या ओटीपीपेक्षा ऑथेंटिकेटर ॲप बरे. ते नेटवर्क नसतानाही चालते आणि सिम कार्डाची अदलाबदल करून फोडता येत नाही.

किल्लीची नक्कल झाली की मूळ मालकाला तिचा पत्ताही लागत नाही. पुण्यातल्या ‘गेनबिटकॉइन’ या क्रिप्टो फसवणुकीच्या प्रकरणात पोलिसांनी २०१८ मध्ये दोन सायबर तज्ज्ञांची मदत घेतली होती. मार्च २०२२ मध्ये त्याच दोघांना अटक झाली, आरोपींच्या वॉलेटमधले चलन परस्पर वळवल्याच्या आरोपावरून.

न जाणे हाही निर्णय

बँकेतल्या ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विमा आहे. क्रिप्टोला तसे संरक्षण नाही, ते भारतात कायदेशीर चलनही नाही. नफ्यावर ३० टक्के कर आहे आणि एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तेंदूपत्त्याच्या हंगामात भर उन्हात घाम गाळून मिळवलेला पैसा, मुलांच्या शिक्षणासाठी राखलेला पैसा यात घालू नये, असे मला कळकळीने सांगावेसे वाटते. तिन्ही प्रश्नांची उत्तरे स्वतः देता येत नसतील, तर या वाटेला न जाणे हेच शहाणपण.

सीड फ्रेज कोणी मागितली, मग तो ‘कस्टमर केअर’ असो, ओळखीचा असो की पोलिसांचे नाव सांगणारा असो, बोलणे तिथेच थांबवा. फसवणूक झालीच, तर लाज बाळगू नका आणि उद्यावर टाकू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. साखळीवर गेलेले चलन सहसा परत फिरत नाही, पण एखाद्या बँक खात्यात अजून पडून असलेले रुपये वेळेत तक्रार झाली तर गोठवता येतात.