जुनी गाणी किती जुनी?

सकाळची वेळ. एका रेडिओवर विविध भारतीचं 'भूले-बिसरे गीत' चालू आहे आणि १९४९ च्या सिनेमातलं गाणं लागलं आहे. दुसऱ्या रेडिओवर मुंबईच्या एका खाजगी एफएम केंद्राचा निवेदक सोनेरी जमान्याची आठवण काढत १९९३ चं गाणं लावतो आहे. दोघंही म्हणतात, आम्ही जुनी गाणी ऐकवतो. दोन गाण्यांमध्ये अंतर मात्र ४४ वर्षांचं. मग गाणं जुनं होतं तरी कधी, आणि ते ठरवतं कोण? या साध्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला की माणसाचं वय, लाखेची तबकडी, दिल्लीतलं मंत्रालय आणि सह्याद्रीचे डोंगर असे सगळेच त्यात गुंतलेले दिसतात. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातले दोन तालुके हा गुंता सोडवायला फार चांगले आहेत. इथल्या कितीतरी घरांत कोणती जुनी गाणी पोचणार, हे आधी डोंगरांनी ठरवलं आणि मग केंद्रांनी.

डोंगरांची गोष्ट आधी सांगायला हवी. मुंबई आकाशवाणीचे मध्यम लहरींचे मनोरे मालाडच्या मालवणी भागात आहेत. नकाशावर सरळ रेघ ओढली तर शहापूर तिथून साधारण ६० किलोमीटर आणि मुरबाडही तेवढंच. आता लहरींची लांबी बघा. मुंबईहून ज्या ५५८ किलोहर्ट्झवर वर्षानुवर्षं मराठी कार्यक्रम लागले, त्या लहरीची लांबी भरते सुमारे ५३७ मीटर. अर्ध्या किलोमीटरहून लांब अशी ही लहर जमिनीला धरून चालते आणि वाटेत टेकडी आली तर वाकून पलीकडे उतरते. एफएमची लहर असते जेमतेम ३ मीटरची. तिला वाकणं फारसं जमत नाही, ती बहुतेक नाकासमोर जाते. दीडशे मीटर उंचीच्या मनोऱ्यावरून निघाली तर सपाट जमिनीवर ती साधारण ५० किलोमीटरपर्यंत पोचते, त्यापुढे पृथ्वीची गोलाईच आड येते. आणि शहापूर-मुरबाडकडे सपाट जमीन आहे कुठे? म्हणून कसारा लोकलमध्ये मोबाईलवर एफएम ऐकणाऱ्याचं गाणं वासिंद-आसनगावच्या पुढे खरखरायला लागतं. मग तो हेडफोनची वायर इकडून तिकडे हलवतो, कारण ती वायरच मोबाईलची अँटेना असते. एखाद्या टेकाडावर आवाज लख्ख येतो आणि खाली खोऱ्यात उतरलं की गायब होतो.

मध्यम लहरींसाठी ट्रान्झिस्टरला बाहेरची अँटेना लागत नाही. ती आतच असते: बोटाएवढी जाड, काळी फेराइटची कांडी आणि तिच्यावर गुंडाळलेली बारीक तार. सेटच्या लांब बाजूला समांतर अशी ती आडवी बसवलेली असते. कांडी आडवी राहिली आणि लहर तिच्या कुशीवर आली की आवाज खणखणीत. कांडीचं टोक मनोऱ्याच्या रोखाने गेलं की आवाज मंदावतो. मुरबाडहून मालाड जवळजवळ थेट पश्चिमेला आहे, म्हणजे तिथे सेटचं तोंड पश्चिमेला किंवा पूर्वेला केलं की गाणं स्वच्छ येणार. ओटीवर, गोठ्यात, खळ्यावर रेडिओ ऐकणारी माणसं सेट हळूहळू फिरवत नेमक्या कोनात ठेवायची, ते याचसाठी. शास्त्र ठाऊक नसलं तरी हाताला ते कळत होतं.

तर अशा गावांना पोचायचं ते आकाशवाणीचं गाणं आणि लांबून येणारं रेडिओ सिलोनचं. सिलोनचं नाव निघालं की एका मराठी माणसाची आठवण होते. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ मध्ये केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीतावर त्यांचं मनापासून प्रेम होतं, सिनेमाच्या गाण्यांवर तितकाच राग. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून हिंदी फिल्मी गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते गेले रेडिओ सिलोनकडे. तिथला शॉर्टवेव्हचा प्रक्षेपक दुसऱ्या महायुद्धात दोस्तांच्या फौजांसाठी उभारलेला. त्याच्या लहरी आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून परत खाली यायच्या, त्यामुळे कोलंबोहून निघालेलं गाणं सह्याद्रीच्या कुशीतल्या घरातही सहज उतरायचं. डिसेंबर १९५२ मध्ये अमीन सायानींच्या आवाजात 'बिनाका गीतमाला' तिथेच सुरू झाली. आकाशवाणीला पाऊल मागे घ्यावं लागलं आणि ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती जन्माला आली. नरेंद्र शर्मांचे शब्द, अनिल विश्वास यांची चाल आणि मन्ना डे यांचा आवाज असलेल्या गाण्याने तिची सुरुवात झाली.

जुन्या गाण्यांना स्वतःची हक्काची वेळ द्यायची, ही कल्पनाही याच दोन केंद्रांनी आपल्याकडे रुजवली. सिलोनवर सकाळी जुन्या चित्रपटांतल्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा आणि आठला काही मिनिटं कमी असताना शेवटचं गाणं कुंदनलाल सैगल यांचं लागायचं. सैगल गेले जानेवारी १९४७ मध्ये. त्यानंतर कितीतरी दशकं त्यांच्या आवाजावर घड्याळं लावली गेली. विविध भारतीने हीच गोष्ट सबंध दिवसभर पसरली: पहाटे भक्तिगीतं, सकाळी 'भूले-बिसरे गीत', दुपारी-संध्याकाळी फर्माईश, रात्री उद्घोषकाच्या स्वतःच्या पसंतीचं 'छायागीत'. गाणं किती जुनं आहे यावर त्याची वेळ ठरली. एखादं गाणं आधी फर्माईशीत वाजायचं आणि काही वर्षांनी 'भूले-बिसरे'त जायचं. ना त्याचा ठराव व्हायचा, ना जाहिरात, पण त्या दिवसापासून ते गाणं अधिकृतपणे जुनं व्हायचं.

पण मागे जाऊन जाऊन किती मागे जाणार? इथे तबकडी आडवी येते. पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला प्रदर्शित झाला. त्याच्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्याच नाहीत आणि सिनेमाची प्रतही आज कुठे शिल्लक नाही. म्हणजे हिंदी बोलपटाचं अगदी पहिलं गाणं कोणतंच केंद्र कधी ऐकवू शकणार नाही. त्यानंतरची गाणी आली ती ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकडीवर, जिच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटांच्या आसपासच जागा. पडद्यावरचं गाणं त्याहून लांब असेल तर एखादं कडवं गळायचं, नाहीतर गाणं दोन बाजूंवर तोडलं जायचं. आपण ज्याला जुन्या गाण्याचा आटोपशीरपणा म्हणतो, तो बराचसा तबकडीच्या व्यासाने घडवला आहे. तबकडीवर नावंही धड नसायची. 'महल' (१९४९) मधल्या ज्या गाण्याने लता मंगेशकरांना घराघरांत नेलं, त्याच्या तबकडीवर गायिका म्हणून नाव होतं कामिनी, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं. आवाज कोणाचा, हे विचारणारी पत्रं रेडिओकडे आली आणि मग खरं नाव लोकांना कळलं. त्या गाण्यामागची गायिका श्रोत्यांच्या हट्टामुळे सापडली.

मराठीत मात्र जुन्याचा हिशेबच निराळा आहे. हिंदी केंद्राचं जुनं गाणं सिनेमापासून सुरू होतं, मराठीचं नाटकापासून. किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चा पहिला प्रयोग ३१ ऑक्टोबर १८८० चा. त्यातली पदं पुढच्या पिढ्यांच्या आवाजांत तबकड्यांवर आली आणि रेडिओवर वाजत राहिली. भावगीत त्यानंतरचं. गोविंद नारायण जोशी, म्हणजे जी. एन. जोशी, यांची १९३२ ची तबकडी हा त्याचा आरंभ मानतात. १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीने गदिमा आणि सुधीर फडके यांचं 'गीतरामायण' दर आठवड्याला एक गाणं या हिशेबाने ऐकवलं, एकूण ५६ गाणी. म्हणजे मराठी रेडिओने जुनी गाणी नुसती जपली नाहीत, पुढे जुनी होतील अशी गाणी स्वतः घडवली. म्हणून रेडिओवर 'आपली आवड' ऐकणारा मराठी श्रोता जुन्या गाण्यांचे भाग सालानुसार पाडत नाही. तो म्हणतो नाट्यगीत, भावगीत, अभंग, लावणी. आणि उद्घोषकही गायकाच्या बरोबरीने कवीचं नाव आवर्जून सांगतो.

अमेरिकेत हिशेब झाला सालाचा आणि वयाचा. न्यूयॉर्कचं डब्ल्यूसीबीएस-एफएम हे केंद्र जुलै १९७२ मध्ये जुन्या लोकप्रिय गाण्यांना वाहिलं गेलं. ३ जून २००५ रोजी मालकांनी अचानक ती गाणी बंद केली. श्रोते खवळले. १२ जुलै २००७ रोजी जुनी गाणी परत आली, पण आता खिडकी पुढे सरकली होती. पन्नाशीच्या दशकातली गाणी मागे पडली आणि सत्तर-ऐंशीतली वाढली. असं का व्हावं, याचं उत्तर मॉरिस होलब्रुक आणि रॉबर्ट शिंडलर या दोन संशोधकांनी १९८९ मध्ये दिलं होतं. त्यांना आढळलं की माणसाला सर्वांत आवडतात ती, तो साधारण साडेतेवीस वर्षांचा असताना लोकप्रिय असलेली गाणी. आता गणित करा. १९२६ मध्ये जन्मलेल्या आजोबांसाठी ते साल येतं १९४९ किंवा १९५०. १९७० मध्ये जन्मलेल्या मावशीसाठी १९९३ किंवा १९९४. सुरुवातीच्या त्या दोन रेडिओंमधल्या ४४ वर्षांचा उलगडा इथे होतो. दोन्ही केंद्रं खरंच बोलत होती. त्यांचे श्रोते वेगळ्या सालात तरुण होते, एवढाच फरक.

खाजगी केंद्रांना जाहिरातदार हवे असतात आणि जाहिरातदारांना खर्च करणारी, मधल्या वयाची माणसं. ती माणसं दर वर्षी बदलतात, म्हणून 'जुनं' दर वर्षी पुढे सरकतं. मुंबईत २०१६ मध्ये ९१.९ वर रेडिओ नशा हे गतकाळच्या हिंदी गाण्यांचं केंद्र आलं, त्यामागेही हीच ओढ. पाश्चात्त्य केंद्रं त्यापुढेही जातात. सभागृहात श्रोते बसवून शेकडो गाण्यांचे काही सेकंदांचे ओळखीचे तुकडे ऐकवतात आणि गुण मागतात. ज्यांना चांगले गुण मिळतात तेवढीच गाणी यादीत राहतात. पुढचं काम संगणकाचं. १९७९ पासून असं सॉफ्टवेअर वापरात आहे: एका तासात एकच गायक किती वेळा यावा, संथ गाण्यानंतर कोणतं, मागच्या आठवड्यात याच वेळी काय वाजलं होतं, सगळं ते सांभाळतं. आकाशवाणीत हेच काम क्यू शीट, म्हणजे गाण्यांच्या क्रमाची यादी, बनवणाऱ्या माणसाच्या डोक्यात चालतं. अर्ध्या तासात सात-आठ गाणी बसतात. त्यात आवाज, संगीतकार, लय आणि मूड यांचा तोल राखायचा आणि एखादं फारसं न ऐकलेलं गाणं हळूच मध्ये बसवायचं. गुणांच्या चाचणीत ते गाणं पहिल्याच फेरीत बाद झालं असतं. क्यू शीटवर त्याला जागा मिळते, कारण कुणातरी जाणकाराला वाटलेलं असतं की हे लोकांनी ऐकायला हवं. हे मला फार मोलाचं वाटतं.

या सगळ्या पद्धतींत एक अट मात्र समान आहे. गाणं आधी ध्वनिमुद्रित झालेलं हवं. जे तबकडीवर आलं नाही ते रेडिओच्या लेखी कधी जुनं होतच नाही, ते नुसतं नाहीसं होतं. शहापूर-मुरबाडमध्ये ठाकर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी, आगरी यांची भातलावणीची, जात्यावरची, लग्नातल्या धवल्यांची गाणी आहेत. त्यांतली कित्येक 'संगीत शाकुंतल'हून जुनी असू शकतील. तानसा आणि भातसा धरणांचं पाणी या डोंगरांतून मुंबईला जातं आणि मुंबईची गाणी या डोंगरांत येतात. इथली गाणी मात्र उलट दिशेने फार थोडी गेली.

हे बदलणं आता अवघड राहिलेलं नाही. २००६ च्या धोरणापासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओ केंद्र काढता येतं. १०० वॅटपर्यंतची शक्ती, ३० मीटरचा मनोरा आणि दहा-पंधरा किलोमीटरचा टापू, म्हणजे एका खोऱ्यापुरता हक्काचा आवाज. सातारा जिल्ह्यात म्हसवडला 'माणदेशी तरंग' असा आवाज वर्षानुवर्षं देत आहे. केंद्र निघेल तेव्हा निघेल, गाणी मात्र तोवर थांबणार नाहीत. घरात आजी, मावशी, काकू गात असतील तर आजच मोबाईलवर ते गाणं भरून घ्या. आणि जुन्या उद्घोषकांची एक सवय उचला: गाण्याआधी गाणाऱ्याचं नाव, गाव, प्रसंग आणि साल स्पष्ट आवाजात सांगा. पन्नास वर्षांनी कुणीतरी ते 'जुनं गाणं' म्हणून लावेल, तेव्हा गायिकेचं नाव शोधायला पत्रं पाठवावी लागू नयेत.