२४ रुबल ३६ कोपेक

चेकॉव्ह कथाकार म्हणून मोठा की नाटककार म्हणून, या वादाचा चघळून चघळून चोथा झाला आहे. मला वर्षानुवर्षं नाद आहे तो स्वतःच्याच कथांच्या एकांकिका करणाऱ्या चेकॉव्हचा. 'माझ्या कथेची वाट लावली' असं म्हणायची इथे कुणाला सोय नाही. दोन्हीकडे लेखक तोच.

पहिला प्रयत्न १८८४-८५चा. 'शरद' (१८८३) या कथेत दारूने धुळीला मिळालेला एक जमीनदार गुत्त्यात घोटभर वोडकासाठी बायकोच्या तसबिरीचं लॉकेट काढून देतो. त्याची कर्मकहाणी एका खेडुताच्या तोंडून कळते. बायको दिसतच नाही. 'हमरस्त्यावर' या नाटकात मात्र चेकॉव्हने बग्गी मोडल्याचं निमित्त काढून तिला नेमकी त्याच गुत्त्यात आणली, वर मेरिक नावाच्या भटक्याच्या हाती कुऱ्हाड दिली! सेन्सॉरने 'उदास आणि गलिच्छ' ठरवून बंदी घातली. नाटक छापलं गेलं १९१४ साली, चेकॉव्ह जाऊन दहा वर्षं झाल्यावर. बंदी मूर्खपणाचीच, पण प्रयोग झाला असता तर नाटक आपटलंच असतं.

'काल्खास'वरून केलेलं 'हंसगीत' त्याने एक तास पाच मिनिटांत लिहिलं. कथेतला ५८ वर्षांचा नट नाटकात ६८चा झाला, एवढं नोंदवून पुढे जातो.

कारण खरं घबाड आहे ते 'अबला' (१८८७) या कथेत. गाऊटने बेजार झालेल्या बँकेच्या साहेबासमोर श्चुकिनाबाई उभी राहते. नवऱ्याच्या पगारातून कापलेले २४ रुबल ३६ कोपेक तिला हवेत. नवरा नोकरीला होता लष्करी वैद्यकीय खात्यात. बँकेचा संबंध काय? पण बाई हटत नाही. साहेब शेवटी खिशातले २५ रुबल देतो, तर ती लाडिक हसून विचारते, नवऱ्याला पुन्हा कामावर घ्याल का? साहेब घरी पळतो, कारकून औषधाचे वीस-वीस थेंब घेऊन कामाला लागतात, आणि बाई दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर!

हा 'दुसरा दिवस' एका अंकात मावणार नव्हता. म्हणून १८९१च्या 'वर्धापनदिन'मध्ये चेकॉव्हने तो सोडला आणि आजचाच दिवस जड केला. बँकेला पंधरा वर्षं झालीत. संचालक शिपुचिनने स्वतःचं मानपत्र स्वतःच लिहिलंय, त्याच्या बांधणीला ४५ रुबल मोजलेत, भेट मिळणार असलेलं चांदीचं पात्रही स्वतःच आणलंय. नेमक्या त्या दिवशी तीच बाई, आता मेर्चुत्किना नावाने, तेच २४ रुबल ३६ कोपेक मागायला येते. गाऊटचा नुसता उल्लेख उरला, मुख्य जागा बडेजावाने घेतली. चिडलेला हिशेबनीस खिरिन तिच्याऐवजी संचालकाच्याच बायकोच्या अंगावर धावतो, आणि मूर्च्छा-किंकाळ्यांच्या त्या गोंधळात सभासदांचं शिष्टमंडळ मानपत्र घेऊन आत शिरतं. कथेत साहेबाची फजिती कचेरीतच राहिली होती; नाटकात तिला सन्माननीय प्रेक्षक मिळाले.

१९७३ साली ब्रॉडवेवर नील सायमनने 'द गुड डॉक्टर'मध्ये हीच कथा घेतली. गाऊट पुन्हा पुढे आणला आणि निवेदनासाठी लेखकालाच रंगमंचावर उभं केलं. प्रयोग हसवतो, पण मला ती निवेदनाची कुबडी वाटते.

कथेवरून एकांकिका करणाऱ्यांनी 'अबला' आणि 'वर्धापनदिन' शेजारी ठेवून वाचावीत. रक्कम कोपेकचाही फरक न करता तीच ठेवून नाटक कसं नवं करावं, याचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही.