बैलाचे दात बघता, मग गाडीचे का नाही?

उसाचे बिल किंवा कांद्याची पट्टी हातात आली, की घरात विषय निघतो, ‘आता एक चारचाकी घेऊन टाकू.’ नवी परवडत नाही, म्हणून कुणाची तरी वापरलेली डिझायर नाहीतर होंडा सिटी बघायला आपण शहर गाठतो. पॉलिश मारलेली गाडी उन्हात चकाकत असते. एक फेरी मारतो, इसार देतो आणि मोकळे होतो.

शेतकरी बंधूंनो, बैलबाजारात तुम्ही असे करता का? तिथे दात मोजता, खुरे बघता, चालवून पाहता, खोड विचारल्याशिवाय पैसे सोडत नाही. तीच नजर गाडीलाही लावा.

थंड इंजिन बोलते

गाडी सकाळी लवकर बघायला जा आणि आधी बॉनेटला हात लावा. गरम लागले, तर तुम्ही येण्याआधीच इंजिन का तापवले, हे विचारा. गाडी सुरू झाली की मागे उभे राहा. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल खाते. तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर सिलिंडरमध्ये पाणी उतरत असावे. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ फेस दिसला, तर मेस्त्रीला दाखवल्याशिवाय व्यवहाराचे बोलूच नका.

सेडान गाडी बुटकी. वस्तीवरचा रस्ता आणि उंच गतिरोधक यांना तिचे पोट घासते. म्हणून रॅम्पवर चढवून ऑईलचे चेंबर खालून बघा. चेंबर फुटून ऑईल वाहून गेले आणि गाडी तशीच पळवली, तर इंजिन जाम झालेच म्हणून समजा.

मीटरवर विसंबू नका, तो मागे फिरवता येतो. मीटर चाळीस हजार किलोमीटर सांगतो आणि पेडलचे रबर मात्र गुळगुळीत झालेले, हे कसे? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या नोंदी मागा.

पुरातली गाडी ओळखा

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूणला महापूर आला, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात राहिल्या. अशी गाडी धुऊन-पुसून लांबच्या जिल्ह्यात विकली, तर वरून कळत नाही. पायाखालचे मॅटिंग उचलून वास घ्या. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, टोकाला गाळाचा डाग दिसतो का बघा. स्टेपनीखाली गंज किंवा माती आहे का, तेही पाहा. वायरिंगच्या जोडांत गंज हळूहळू चढतो. बिघाड निघतो तो काही महिन्यांनी, तेव्हा विकणारा हात वर करतो.

कागद नावावर झाला, तरच गाडी तुमची

आरसी बुकावरचा चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. बँकेचा बोजा असेल, तर बेबाकी दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्म २९ व ३० वर सह्या झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. मोटार वाहन कायद्यानुसार घेणाऱ्याने ३० दिवसांच्या आत आरटीओकडे नावबदलासाठी अर्ज करायचा असतो. विमाही १४ दिवसांत नावावर करायला टाका. पेट्रोल असो वा डिझेल, खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. किती वर्षे उरली, तेही मोजा.

आणि जुनी गाडी विकणाऱ्यांनो, तुम्हीही सावध राहा. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केले आहे, की नोंदणी ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. ‘गाडी तर केव्हाच विकली’ हे म्हणणे तिथे चालत नाही.

मेस्त्रीला सोबत नेण्याचा खर्च फार नाही. पण रात्री घरातले माणूस आजारी पडले, तालुक्याला न्यायचे आहे आणि गाडी दारातच अडून बसली, तर तिच्या चकाकीचे करायचे काय?