मुलीला कलाशिक्षणाला पाठवायचंय, तर सुरुवात कुठून करावी?

"मला चित्रकलेला जायचंय" असं मुलीने किंवा मुलाने सांगितलं की बहुतेक घरांत पहिला प्रश्न येतो तो नोकरीचा. प्रश्न रास्त आहे, पण त्याचा नंबर नंतर लागतो. आधी हे कळायला हवं की मुलीला नेमकं कोणत्या प्रकारचं काम करायचं आहे. 'कला' या एकाच शब्दाखाली निदान चार वेगळी शिक्षणं आहेत. त्यांच्या परीक्षा आणि अर्जाच्या तारखा वेगळ्या आहेत, आणि चार-पाच वर्षं रोज सकाळी जाऊन करायचं कामही वेगळं आहे. अभ्यासक्रम या रोजच्या कामावरून निवडावा, कॉलेजच्या नावावरून नव्हे, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पहिली पायरी घरातलीच. मुलीच्या वह्या मागून घ्या, आणि शाळेतल्या बक्षिसाच्या चित्रांबरोबर मागच्या पानांवरची गिरमिटंही पाहा. कोणी सांगितलं नसताना ती काय करत बसते? काही मुलं माणसांचे चेहरे आणि हात पुन्हा पुन्हा काढतात. काहींना गॅदरिंगचं पोस्टर, वहीवरची अक्षरं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका यांत रस असतो. काही जण जुन्या जीन्सची पिशवी शिवतात किंवा बंद पडलेला टेबलफॅन खोलून बसतात. काहींचा हात शाडूच्या मातीत रमतो. यावरून लगेच निकाल लावू नका, बोलायला मात्र सुरुवात करा. "हे करताना तुला कशाची मजा येते?" हा प्रश्न "पुढे काय करणार?" या प्रश्नापेक्षा जास्त माहिती देतो.

आता वाटा पाहू. पहिली चित्रकला आणि शिल्पकलेची. यात विद्यार्थी समोर बसलेल्या माणसाचं चित्रण, रचना, रंग, मुद्राचित्रण म्हणजे ठशांवरून छाप काढणं, माती, लाकूड, धातू अशा गोष्टी शिकतो. चार वर्षांची पदवी असते, तिला बीएफए म्हणतात. पुढचं उत्पन्न सुरुवातीची काही वर्षं अनियमित असतं, हे आपण मुलीला आणि स्वतःलाही आधीच सांगून ठेवलेलं बरं. शिकवणं, पुस्तकांसाठी चित्रं काढणं, चित्रपटाच्या कलाविभागात काम करणं अशी जोड बरेच जण देतात.

दुसरी वाट उपयोजित कलेची, म्हणजे एखादा निरोप लोकांपर्यंत पोहोचवण्यासाठी वापरलेली कला. पदवी तीच, बीएफए. जाहिरात, पुस्तकाचं मुखपृष्ठ, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टन, मोबाइलच्या पडद्यावरची मांडणी, अक्षरांची घडण, सगळं यात येतं. संगणकावर मराठी वाचणाऱ्या बहुतेकांनी 'मंगल' हा टंक, म्हणजे अक्षरांचा साचा, पाहिलेला असतो. तो घडवणारे र. कृ. जोशी मुंबईच्या जे. जे. या कलासंस्थेत शिकले आणि पुढे त्यांनी मुंबईच्या आयआयटीत शिकवलं. 'चित्रं काढून काय मिळणार' असं म्हणणाऱ्या आजोबांना हे उदाहरण सांगून पाहा. त्यांच्या मोबाइलवरची देवनागरीसुद्धा कुणीतरी बसून काढलेली आहे.

तिसरी वाट डिझाइनची. इथे चित्र काढणं हे विचार करण्याचं साधन असतं. वस्तू, कपडे, खेळणी, दवाखान्यातली पाटी, पैसे पाठवायचं अॅप, वापरणाऱ्याची अडचण ओळखून ती सोडवणं हे मुख्य काम. पदवीला बी.डेस. म्हणतात. डिझाइन शिकवणाऱ्या संस्थांपैकी अहमदाबादचं एनआयडी 1961 सालचं, मुंबई आयआयटीतलं आयडीसी 1969 सालचं. रुपयाचं ₹ हे चिन्ह 2010 मध्ये स्वीकारलं गेलं. ते करणारे उदय कुमार आयडीसीतच शिकले. उपयोजित कला आणि डिझाइन यांची सीमा एका ठिकाणी पुसट होते, त्यामुळे मुलगी दोन्हींकडे ओढली जात असेल तर काळजी नको, दोन्ही परीक्षा देता येतात.

चौथी वाट वास्तुकलेची, पाच वर्षांची. फॅशन आणि अॅनिमेशन डिझाइनच्याच अंगाने जातात. चित्रपट शिकायचा असेल तर पुण्याच्या एफटीआयआयच्या मुख्य अभ्यासक्रमांना आधी पदवी लागते, तेव्हा बारावीनंतर लगेच तिकडे जाण्याचा बेत आखू नका.

दुसरी पायरी अकरावीचे विषय. सर्वांत महाग पडणारी चूक इथे होते. बीएफए आणि बी.डेस.च्या बहुतेक प्रवेशांना बारावी कोणत्याही शाखेची चालते. वास्तुकलेला मात्र बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. दहावीनंतर "हिला कलेतच जायचंय, मग गणित कशाला" म्हणून विषय सोडला, आणि बारावीत मुलगी घरांचे नकाशे काढायला लागली, की दार बंद. मनात वास्तुकलेचा थोडाही विचार असेल तर हे दोन विषय ठेवा. तसा विचार नसेल, तर केवळ 'असू दे' म्हणून विज्ञान शाखा लादू नका. त्या दोन वर्षांत प्रॅक्टिकल आणि क्लास यांतून हात चालवायला वेळच उरत नाही.

मूल अजून आठवी-नववीत असेल तर कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा जरूर द्यायला लावा. इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून पुष्कळ पालक त्या देववतात. माझ्या दृष्टीने खरा फायदा दुसराच आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे तिथले विषय पुढे प्रवेश परीक्षेत पुन्हा भेटतात.

तिसरी पायरी परीक्षा आणि तारखा. महाराष्ट्रात बीएफएसाठी राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष एक सीईटी घेतो, तिला एएसी-सीईटी म्हणतात. तिच्यात संकल्पचित्र, वस्तुचित्र आणि स्मरणचित्र ही तीन प्रात्यक्षिकं आणि सामान्यज्ञानाची एक प्रश्नपत्रिका असते. शासकीय कला महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. पुणे, कोल्हापूर आणि इतरत्र खासगी व अनुदानित संस्था आहेत. मुंबईचं जे. जे. 1857 सालचं. त्याला आता अभिमत विद्यापीठाचा, म्हणजे स्वतःची पदवी देण्याचा, दर्जा आहे. त्यामुळे तिथल्या प्रवेशाचे नियम दर वर्षी थेट त्यांच्याकडूनच तपासून घ्या, मोठ्या भावाच्या वेळच्या माहितीवर विसंबू नका. पणजीचं गोवा कला महाविद्यालय आणि बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखा यांची प्रवेशप्रक्रिया स्वतंत्र आहे, तिथे वेगळा अर्ज करावा लागतो.

डिझाइनच्या परीक्षा वेगळ्या. आयआयटींसाठी यूसीड, एनआयडीसाठी डॅट, फॅशनसाठी निफ्टची परीक्षा. यूसीडमध्ये संगणकावर सोडवायच्या प्रश्नांबरोबर कागदावर चित्र काढायचा भाग असतो. प्रश्नांच्या भागात पुरेसे गुण मिळाले तरच चित्र तपासलं जातं, म्हणून नुसता हात चांगला असून भागत नाही, तर्क आणि निरीक्षणाचे प्रश्न सोडवायचा सरावही लागतो. एनआयडी आणि निफ्टच्या दुसऱ्या फेरीत दिलेल्या साहित्यातून समोरच काहीतरी घडवायला सांगतात.

तारखांची चूक अशी होते: राज्याची सीईटी बारावीच्या परीक्षेच्या सुमारास येते, म्हणून घरचे समजतात की सगळंच बोर्डाच्या पेपरांनंतर आहे. यूसीड जानेवारीत होते आणि तिचे अर्ज ऑक्टोबरमध्ये भरायचे असतात. डॅट आणि निफ्टचे अर्जही साधारण दिवाळी ते नाताळच्या आगेमागे सुरू असतात. बारावीच्या गणपतीत एका कागदावर सगळ्या परीक्षांच्या तारखा लिहून फ्रिजवर लावा.

चौथी पायरी तयारी. पालकांना सर्वांत भुरळ पडते ती फोटोवरून काढलेल्या नटनट्यांच्या पेन्सिल चित्रांची. त्यांतून मुलीची चिकाटी दिसते, पण परीक्षेत फोटो नसतो. समोर एक तांब्या, दोन वांगी आणि घडी पडलेलं कापड ठेवलेलं असतं.

घरी तसंच मांडून पाहा. पहिल्या चित्रात बहुधा एक ठरलेली चूक सापडेल. तांब्याचं तोंड लंबगोल काढलेलं असतं आणि बूड सरळ रेषेत. आपण तांब्याकडे किंचित वरून पाहतो, त्यामुळे बुडाची कडाही वाकलेली दिसते, आणि डोळ्यांपासून ती आणखी खाली असल्यामुळे तोंडापेक्षा जास्त गोलाईत दिसते. मुलीला तांब्यासमोर बसवून हे एकदा दाखवा. मग वाटी, बादली, कुंडी यांतही तिला ते आपोआप दिसायला लागतं. पाहायला शिकणं म्हणतात ते हेच, आणि त्यासाठी कुठलाही महागडा क्लास लागत नाही.

स्मरणचित्राचंही असंच. 'भाजी बाजार' किंवा 'एसटी स्टँड' असा विषय आला की मुलं सगळी माणसं एका रांगेत, एकाच उंचीची, एकमेकांपासून सुटी काढतात. खऱ्या बाजारात पुढच्या बाईची पिशवी मागच्या माणसाचे पाय झाकते, विक्रेता बसलेला असतो आणि गिऱ्हाईक वाकलेलं. रविवारी बाजारात जाताना मुलीला बरोबर न्या, दहा मिनिटं नुसतं बघू द्या आणि घरी आल्यावर काढायला सांगा.

क्लास लावायचाच असेल तर तिथल्या पाच-सहा मुलांची चित्रं मागून पाहा. सगळ्यांचा बाजार एकसारखा, सगळ्यांचं झाड एकसारखं असेल तर तिथे साचा पाठ करून घेतात. परीक्षकाला तो साचा लगेच ओळखू येतो.

काही संस्था मुलाखतीच्या वेळी पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतःच्या निवडक कामांचा संग्रह, मागतात. त्यात कच्ची रेखाटनंही हवीत. एखादी कल्पना तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात कशी बदलत गेली ते दाखवणारी पानं चकचकीत अंतिम चित्राइतकीच कामाची. शिक्षकाने हात फिरवलेलं चित्र त्यात ठेवू नका. "इथे ही सावली का टाकलीस?" या साध्या प्रश्नावर मूल गप्प होतं.

पाचवी पायरी कॉलेज प्रत्यक्ष पाहणं. बहुतेक कला महाविद्यालयांत वर्षाअखेरीस विद्यार्थ्यांच्या कामाचं प्रदर्शन भरतं. मुलगी अकरावीत असतानाच एखादं पाहून या. उत्तम विद्यार्थ्याचं चित्र कुठेही चांगलंच असतं, म्हणून मधल्या विद्यार्थ्याचं काम पाहा आणि पहिल्या वर्षापासून चौथ्या वर्षापर्यंत किती फरक पडला ते बघा. मग कॅन्टीनमध्ये तिथल्या मुलांशी बोला. मुद्राचित्रणाचं यंत्र चालू आहे का, मातीकामाची भट्टी शेवटची कधी पेटली, स्टुडिओ संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडा असतो, शिक्षक कामावर बसून बोलतात की नुसती सही करतात? माहितीपुस्तिकेत यातलं काहीच नसतं.

सहावी पायरी मान्यता आणि पैसे. प्रत्येक खासगी संस्थेला एक प्रश्न लेखी विचारा: पदवीवर कोणत्या विद्यापीठाचं नाव असेल? 'परदेशी विद्यापीठाशी करार आहे', 'उद्योगमान्य प्रमाणपत्र आहे' ही उत्तरं पुरेशी नाहीत. ते विद्यापीठ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत असेल तरच पुढे पदव्युत्तर शिक्षण आणि सरकारी नोकरीच्या अर्जाला ती पदवी उपयोगी पडते. शुल्क भरण्याआधी ही यादी स्वतः उघडून पाहा.

शुल्काच्या आकड्यात साहित्याचा खर्च नसतो. कागद, रंग, कॅनव्हास, माउंटबोर्ड, छपाई आणि प्रतिकृती बनवण्याचं सामान दर महिन्याला लागतं. शासकीय महाविद्यालयात शुल्क कमी असलं तरी हा खर्च तेवढाच असतो. महागडा लॅपटॉप प्रवेशाच्या आनंदात घेऊ नका. पहिलं वर्ष मुख्यतः हाताने काम करण्याचं असतं. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारूनच कोणता घ्यायचा ते ठरवा.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. अधिवास, लागू असेल तर जात वैधता आणि नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. हे जूनमध्ये काढायला गेलात तर कार्यालयांत रांग असते आणि प्रवेशफेरीची मुदत थांबत नाही. बारावीच्या दिवाळीच्या सुट्टीत अर्ज टाकून ठेवा.

राहता राहिली हवी ती जागा न मिळण्याची शक्यता. यूसीड जास्तीत जास्त दोनदाच देता येते, तीही लागोपाठच्या वर्षी, म्हणून पहिला प्रयत्न 'अनुभवासाठी' वाया घालवू नका. एक वर्ष थांबायचं ठरलं तर त्या वर्षाचं वेळापत्रक कागदावर लिहा, नाहीतर मार्च कधी आला ते कळत नाही. डिझाइनची जागा हुकली आणि बीएफएची मिळत असेल, तर माझा कल ती घेण्याकडे असतो. पदवीनंतर सीड ही परीक्षा देऊन आयआयटीत डिझाइनच्या पदव्युत्तर शिक्षणाला जाता येतं, आणि चार वर्षं हाताने काम केलेल्या विद्यार्थ्याला तिथल्या चित्राच्या पेपरात त्याचा उपयोग होतो.