दुआही, दवाही : गरोदरपणातील एका कसोटीची हकिगत

पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी बहुतेक घरांत आनंदाची असते. बाळाचे हातपाय, पाठीचा कणा, हृदयाचे कप्पे डॉक्टर एकेक करून पाहतात आणि घरी मिठाईची भाषा सुरू होते. पण याच तपासणीत कित्येक जोडप्यांना काळजीचा एखादा शब्द ऐकावा लागतो. तो ऐकल्यावर घरात दोन प्रकारचे सल्ले येतात. काही जण म्हणतात, ‘आता सगळे डॉक्टरांच्या हातात.’ काही जण म्हणतात, ‘डॉक्टर घाबरवतातच, तुम्ही अल्लाहवर सोडा.’ आम्ही दोघे गेल्या वर्षी या दोन्ही सल्ल्यांच्या मधून वाट काढत गेलो. ती वाट कुणा भावा-बहिणीच्या उपयोगी पडावी, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

‘वार खाली आहे’

आमचे गाव चिपळूण तालुक्यात, खाडीकाठी. आमच्यापैकी एक गावी, सासू-सासऱ्यांसोबत. दुसरा दम्माममध्ये नोकरीला. कोकणातल्या आपल्या कितीतरी घरांची हीच मांडणी असते. पहिला मुलगा चार वर्षांचा, सिझेरियनने झालेला. दुसऱ्या खेपेला विसाव्या आठवड्यात सोनोग्राफी झाली तेव्हा रमजान सुरू होता. डॉक्टर बाईंनी सांगितले की बाळ उत्तम आहे, पण वार गर्भपिशवीच्या तोंडावर आली आहे.

या दुखण्याला डॉक्टर ‘प्लासेंटा प्रिव्हिया’ म्हणतात. वारेतूनच बाळाला रक्त आणि पोषण मिळते. ती एरवी पिशवीच्या वरच्या भागात असते. ती तोंडावर असेल तर बाळाची वाटच अडते, आणि तोंड थोडे जरी उघडले तरी रक्तस्राव होऊ शकतो. विसाव्या आठवड्यात वार खाली दिसणे तसे बऱ्याच जणींत आढळते. पिशवी वाढते तशी बहुतेकींची वार वर सरकते. दिवस भरेपर्यंत ती खालीच राहण्याचे प्रमाण दोनशे बाळंतपणांत साधारण एक असते. पण आमच्या बाबतीत आधीचे सिझेरियन होते. जुन्या टाक्यांच्या जागेवर वार बसली तर ती वर सरकण्याची शक्यता कमी होते. कधी ती पिशवीच्या भिंतीत रुतून बसते आणि बाळंतपणात सुटत नाही. मग आईचा जीव वाचवण्यासाठी पिशवीच काढावी लागते. डॉक्टर बाईंनी हे सगळे न लपवता, शांतपणे सांगितले. रक्तगट बी निगेटिव्ह असल्याने रक्ताची सोय आधीच करून ठेवा, असेही बजावले.

घरी बातमी पोहोचल्यावर कारणे शोधली जाऊ लागली. जिना चढली म्हणून, पाण्याचा हंडा उचलला म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून. आम्ही डॉक्टरांना स्पष्ट विचारले. जिन्याने किंवा हंड्याने वार खाली येत नाही, ती सुरुवातीलाच जिथे रुजते तिथे रुजते, असे उत्तर मिळाले. ते अम्मींना सांगितल्यावर त्यांनी तो विषयच बंद केला. सुनेच्या मनावरचे ओझे त्या एका वाक्याने निम्मे झाले. ज्या घरात असा प्रसंग येईल, त्या घराने दोष शोधण्याचे काम आधी थांबवावे. अल्लाहने सूरह लुकमानमध्ये आईच्या अशक्तपणावर अशक्तपणा सोसण्याची जाणीव मुलांना करून दिली आहे. ती जाणीव घरातल्या मोठ्यांनीही ठेवायला हवी.

उंट बांधायचा की सोडायचा?

तिरमिजीमधील हदीस बहुतेक वाचकांना ठाऊक असेल. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून? आधी बांध आणि मग भरवसा ठेव, असे त्याला सांगण्यात आले. आजार आहे तिथे इलाज आहे, इलाज करून घ्या, ही शिकवणही हदीसमध्ये आहे. म्हणून ‘पुन्हा सोनोग्राफी करू नका, दुआ पुरेशी आहे’ असे सांगणाऱ्यांशी आम्ही वाद घातला नाही. त्यांचा हेतू मायेचाच होता. पण तवक्कुल म्हणजे हात बांधून बसणे नव्हे, हे आम्ही आपसात पक्के केले.

पहिला प्रश्न रोजांचा आला. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रीला रोजाची सवलत आहे. ही सवलत अल्लाहने दिली आहे, आणि त्याने दिलेली सवलत घेणे हीसुद्धा त्याचीच आज्ञा पाळणे आहे. डॉक्टरांचे मत घेऊन आणि आमच्या मशिदीच्या मौलानांना विचारून रोजे थांबवले. राहिलेल्या रोजांची कजा नंतर करायची. शाफई मसलकात केवळ बाळाच्या काळजीने रोजे सोडले तर कजाबरोबर फिदयाही द्यावा लागतो, हे त्यांनी समजावून सांगितले. स्वतःच्या जिवाचीही भीती असेल तर फक्त कजा.

मग उंट बांधण्याची बाकीची कामे. जड उचलणे बंद, लांबचा प्रवास बंद. फाईल, रक्तगटाचा कागद आणि दोन जोडी कपडे यांची पिशवी दाराशी. १०८ क्रमांक घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी. जमातीतल्या तरुणांनी जुम्याच्या नमाजनंतर विचारणा करून बी निगेटिव्ह गटाच्या चार जणांची यादी तयार केली. त्यातले दोघे आमच्या ओळखीचेही नव्हते. आशाताई दर आठवड्याला डोकावून जात.

दुआची वेळही ठरली. सौदीचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे असते. इथे फजरची वेळ होते तेव्हा तिथे रात्रीचा शेवटचा प्रहर सुरू असतो. एक इथे फजर पढून आणि एक तिथे तहज्जुदला उभा राहून, आम्ही दोघे एकाच घटकेला हात उचलत होतो. फोनवर बोलून जे मिटत नव्हते, ते त्या घटकेला हलके होई. सुरुवातीला आम्ही फक्त एवढेच मागत होतो की वार वर सरकू दे. काही दिवसांनी मागणे वाढले. जे होईल ते सोसण्याचे बळ दे, योग्य वेळी योग्य माणूस भेटू दे, आमच्या तोंडून नाशुक्रीचा शब्द निघू देऊ नकोस.

एकोणतिसाव्या आठवड्यात

मे महिन्यातल्या एका रात्री, काही दुखत नसताना, अंगावर लाल गेले. गरोदरपणाच्या दुसऱ्या अर्ध्यात असे न दुखता लाल जाणे हेच या दुखण्याचे ठळक लक्षण आहे. अशा वेळी सकाळची वाट पाहायची नसते. अब्बांनी १०८ लावला. दवाखान्यात पोहोचताच अम्मींनी सगळ्यात आधी सांगितले, ‘वार खाली आहे, आतून तपासू नका.’ ते वाक्य आम्ही त्यांना पाठ करून ठेवले होते. कारण अशा अवस्थेत आतून केलेल्या तपासणीने रक्तस्राव वाढू शकतो.

रक्तस्राव अल्लाहच्या कृपेने थांबला. बाळ आधीच जन्मले तर त्याची फुप्फुसे तयार असावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शने दिली. आईचा गट निगेटिव्ह असल्याने अँटी-डीचे इंजेक्शनही झाले. पुढचे उपचार घाट चढून मोठ्या दवाखान्यातच घ्यायचे, असे ठरले. कोकणात पावसाळ्यात कुंभार्ली घाटात दरड कोसळली तर तासन्‌तास वाट बंद होते. म्हणून पाऊस लागण्याआधीच घाटावरच्या शहरात, खालांच्या घरी, मुक्काम हलवला. तिथून दवाखाना दहा मिनिटांवर होता.

त्या दिवसांत नमाजचा प्रश्न पुढे आला. गरोदरपणातला रक्तस्राव हनफी मसलकात हैज धरला जात नाही. प्रत्येक वेळेसाठी ताजे वुजू करून नमाज पढायची असते. शाफई मसलकात मात्र अटी पूर्ण होत असतील तर तो हैज ठरू शकतो. म्हणून ज्या बहिणीवर ही वेळ येईल तिने आपल्या मसलकाच्या जाणकार आलिमाला विचारावे, मनाने ठरवू नये. जिथे नमाज पढायची आहे तिथे उभे राहणे जमत नसेल तर बसून, बसणे जमत नसेल तर कुशीवर निजून, एवढी मुभा बुखारीतील हदीसमध्ये आहे. आणि जिथे नमाज थांबते तिथेही दुआ, दुरूद आणि जिक्र थांबत नाही. पलंगावर पडल्या पडल्या तसबीह चालू होती. तिकडे मक्केला जाऊन उमरा झाला, आणि एकतिसाव्या आठवड्यात रजा मंजूर होऊन आम्ही दोघे एका छताखाली आलो.

बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत वार तिथेच होती. इतक्या दुआंनंतरही ती तसूभर सरकली नव्हती. तो दिवस आम्हाला जड गेला. त्या संध्याकाळी आम्ही सूरह मरयम वाचली. हजरत मरयम (अ.स.) यांच्यासारख्या अल्लाहच्या निवडलेल्या बंदीलाही प्रसूतीच्या कळांनी खजुराच्या बुंध्याशी नेले आणि याआधीच मेले असते तर बरे, असे त्यांच्या मनात आले. त्यांच्या वेदना अल्लाहने काढून घेतल्या नाहीत. पायाशी पाणी दिले, आणि बुंधा हलवायला सांगितले. त्या अवस्थेतल्या बाईच्या हाताने बुंधा किती हलणार? तरी हलवायचा. खजूर पाडणारा अल्लाहच, पण हात लावणे तिच्या वाट्याचे. आमच्या वाट्याला आलेला बुंधा म्हणजे पुढची तारीख, पुढचे इंजेक्शन, पुढची रक्ताची बाटली.

सही

सदतिसावा आठवडा लागताना सिझेरियनची तारीख ठरली. आदल्या दिवशी संमतीच्या कागदावर लिहिले होते की रक्तस्राव न थांबल्यास गर्भपिशवी काढावी लागेल. आम्ही दोघांनी तो कागद शांतपणे वाचला, दोन प्रश्न विचारले आणि सही केली. ती सही करताना हात कापला नाही, असे म्हणता येणार नाही. पण इतक्या दिवसांच्या दुआंनी एक गोष्ट आमच्यात रुजवली होती. निकाल आमच्या हाती नव्हता आणि डॉक्टरांच्याही हाती नव्हता. तो ज्याच्या हाती होता त्याच्याशी आमचे बोलणे रोज चालू होते.

वार रुतलेली नव्हती. रक्ताच्या दोन पिशव्या लागल्या. पिशवी वाचली. मुलगी झाली, वजन दोन किलो चारशे ग्रॅम. अल्हम्दुलिल्लाह.

हकिगत इथेच संपवली तर वाचकांची फसवणूक होईल. त्याच वॉर्डात आमच्या शेजारच्या पलंगावर एक बहीण होती. तिच्या बाळाला फार लवकर जन्म घ्यावा लागला आणि ते वाचले नाही. ती आमच्यापेक्षा कमी रडून दुआ मागत नव्हती. तिचा ईमान आमच्यापेक्षा उणा नव्हता. खरे तर तिच्याकडूनच आम्ही सब्र म्हणजे काय ते पाहिले. तेव्हा कुणी आम्हाला म्हणाले की तुमची दुआ कबूल झाली, तर आम्ही एवढेच म्हणतो की तिचीही झाली आहे. हदीसमध्ये आले आहे की मुसलमानाची दुआ वाया जात नाही. कधी मागितलेले इथेच मिळते, कधी ते आखिरतसाठी राखून ठेवले जाते, कधी तेवढेच एखादे संकट टळते. आणि बाळ गेल्यावर रडणे हे ईमानाच्या विरुद्ध नाही. प्रेषितांनी (स.) आपल्या चिमुकल्या इब्राहीमला निरोप देताना अश्रू ढाळले होते.

वाचक बहिणींना आणि भावांना

अशा वेळी घराने काय करावे, ते थोडक्यात सांगतो. न दुखताही लाल गेले तर लगेच दवाखाना गाठा. वार खाली असल्याचे प्रत्येक नव्या डॉक्टरला आणि परिचारिकेला स्वतः सांगा. रक्ताची सोय आधी करा. घर दूर असेल तर शेवटचा महिना मोठ्या दवाखान्याजवळ काढा. खर्चाची चिंता असेल तर सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात बाळंतपण, सिझेरियन, औषधे, रक्त आणि वाहन मोफत आहे. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणीही होते. आशाताईंना विचारा.

नवरा परदेशात असेल तर त्याने फोनवर फक्त ‘डॉक्टर काय म्हणाले’ एवढेच विचारू नये. ‘आज तुला कसे वाटते’ हेही विचारावे, आणि एक वेळ ठरवून दोघांनी मिळून दुआ मागावी. दूर असलेल्या माणसाला यापेक्षा जवळ येता येत नाही.

ज्या बहिणी आज अशाच एखाद्या कागदाकडे पाहत बसल्या आहेत, त्यांच्यासाठी अल्लाह आसानी करो. त्यांच्या बाळांना सुखरूप आणो, आणि ज्यांची कूस रिती राहिली त्यांच्या सब्रचा उत्तम बदला देवो. आमीन.